नव्या साथी, आपली इस्पितळे आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनात ह्या विषयावर बोलण्याचा मान चिटणिसांनी आम्हांस दिला, त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत की त्यांच्यावर रुसावे, हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. सारे आयुष्य प्राथमिक शाळेत पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात गेले. वैद्यकाशी आमचा संबंध आला तो शाळेत लस टोचावयास डॉक्टर येत तेव्हा रडणारी पोरे धरून ठेवण्यापुरता. आपल्या ज्ञातीत नामांकित डॉक्टर असताना आम्हीच का, असे आम्ही चिटणिसांस विचारले. ते म्हणाले, "गुरुजी, डॉक्टरांना वेळ नाही आणि तुम्हांला आहे." ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हा ज्ञातीतील एका डॉक्टरांनी वाचावयास दिलेले कागद, वाचनालयातील जुनी पुस्तके आणि थोडा स्वतःचा अनुभव, एवढ्या शिदोरीवर आम्ही आपणांपुढे उभे आहोत.

विषयास निमित्तही तसेच घडले आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत वैद्यकीय साहाय्य निधीची कल्पना निघाली व आपण सर्वांनी ती उचलून धरली. त्या निधीतून तालुक्याच्या सरकारी रुग्णालयास एक व्हेंटिलेटर भेट द्यावा व त्यावर संस्थेच्या नावाची पाटी असावी, असा कार्यकारी मंडळाचा मानस आहे. उद्याच्या सभेत तो विषय यावयाचा आहे. हे यंत्र निरुपयोगी आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्याच्या आधारावर वाचलेली माणसे ह्या मंडपातही बसलेली आहेत. परंतु एखादा नवा व भयंकर सांसर्गिक रोग दारात येऊन उभा राहतो, तेव्हा रुग्णालय कशाने तरते आणि कशाने बुडते, हे वाचता वाचता आमचे मन त्या यंत्रापासून हळूहळू दूर गेले. ते कसे गेले, तेवढेच सांगावयाचे आहे.

केरळ राज्यात कोझिकोड जिल्हा आहे. ज्याच्या किनाऱ्यास १४९८ साली वास्को द गामा लागला म्हणून आपण भूगोलाइतिहासात पाठ केले, तेच हे जुने कालिकत. ह्या जिल्ह्यात पेरांब्रा येथे एक तालुका रुग्णालय आहे. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी आहे तसेच. २०१८ च्या मे महिन्याच्या आरंभी तेथे एक तरुण ताप घेऊन आला. रोज ज्या दारातून तापकरी येतात त्याच दारातून तो आला आणि इतरांच्या शेजारच्या खाटेवर निजला. रात्रपाळीच्या परिचारिकांनी त्याची शुश्रूषा केली. पुढे मेंदूवर परिणाम दिसू लागला, तेव्हा त्यास कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात हलविण्यात आले. तेथे सी. टी. स्कॅन काढण्यासाठी त्यास नेले, तेव्हा त्या मार्गिकेत नेहमीप्रमाणे माणसांची दाटी होती. कोणी स्वतःच्या तपासणीसाठी आले होते, कोणी दुसऱ्यासाठी. ५ मे रोजी तो तरुण वारला. त्यास काय झाले होते हे कोणासही कळले नव्हते.

पुढे त्याच घरातील त्याच्या भावास तशीच लक्षणे झाली आणि त्यास कोझिकोडमधील एका खासगी रुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथील डॉक्टरांच्या मनात शंका आली, की एकाच घरात एका पंधरवड्यात दोन तरुण मुले ताप आणि भ्रम होऊन अशी जातात, ते साधे दुखणे नव्हे. त्यांनी नमुने कर्नाटकातील मणिपाल येथील प्रयोगशाळेत पाठविले. आणि आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २० मे रोजी निदान पक्के केले. तो निपाह होता. मलेशियात १९९८-९९ साली डुकरे पाळणाऱ्या लोकांत जो प्रथम ओळखला गेला, शंभरांहून अधिक माणसे ज्याने तेथे नेली, आणि तेथील एका खेड्याचेच नाव ज्यास मिळाले, तो हा विषाणू. फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांत तो राहतो व त्यांस फारसे काही करीत नाही. मनुष्यास मात्र बहुधा सोडीत नाही.

५ मे ते २० मे हे पंधरा दिवस आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. ह्या काळात रुग्णालये बंद नव्हती, डॉक्टर झोपलेले नव्हते, औषधांची वाण नव्हती. सर्व कामकाज नेहमीप्रमाणे चालू होते; आणि ते नेहमीप्रमाणे चालू होते ह्याच कारणाने रोग पसरत होता. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले रुग्ण अठरा. तपासणी होण्यापूर्वीच गेलेले पाच धरले तर तेवीस. त्या तेवीस जणांपैकी एकवीस मृत्यू पावले. पहिल्या रुग्णाच्या घरची माणसे वगळली, तर उरलेल्यांतील बहुतेकांना लागण झाली ती रुग्णालयाच्या आवारात. जेथे बरे व्हावयास जावयाचे, तेथे जाऊन ही माणसे आजारी पडली. कोणी शेजारच्या खाटेवर होते, कोणी त्या मार्गिकेत उभे होते, कोणी आपल्या आप्ताजवळ बसावयास आले होते.

पेरांब्र्याच्या त्या वॉर्डात लिनी पुथुसेरी नावाची परिचारिका होती. त्या रुग्णाची सेवा तिने केली होती. २१ मे रोजी, म्हणजे रोगाचे नाव कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ती गेली. पती परदेशी नोकरीस होते आणि घरी दोन लहान मुलगे होते. आपले दुखणे काय आहे हे तिने ओळखले असावे, कारण मुलांचा सांभाळ कसा करावा ह्याविषयी पतीस चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. लागण पसरू नये म्हणून अंत्यसंस्कार तत्काळ उरकावे लागले. मुलांस आईचे अखेरचे दर्शनही घडले नाही.

आता ह्या कथेचा जो भाग आम्हांस सर्वांत अधिक टोचतो, तो पुढेच आहे. त्याच रुग्णालयातील इतर परिचारिका कामावरून घरी जावयास निघाल्या, तर रिक्षावाले त्यांस बसवून घेईनात. बसमध्ये त्यांच्या शेजारी कोणी बसेना. ज्यांनी आजार अंगावर घेतला, त्यांच्याच वाट्यास बहिष्कार आला. हे वाचून केरळच्या लोकांस नावे ठेवण्याचा आपला अधिकार किती आहे, हे पुढे सांगू.

असे कोझिकोडलाच घडले असे नाही. बंगालमध्ये सिलिगुडी येथे २००१ च्या आरंभी अशीच एक गूढ तापाची साथ आली. सहासष्ट जण आजारी पडले व पंचेचाळीस गेले. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश हे रुग्णालयातील कर्मचारी किंवा रुग्णास भेटावयास आलेले लोक होते. हा निपाह होता हे तर काही वर्षांनंतर, राखून ठेवलेल्या नमुन्यांवरून उमगले. गुजरातेत अहमदाबादनजीक २०११ च्या जानेवारीत एक स्त्री रक्तस्रावी तापाने वारली. गोचिडींमार्फत येणारा, काँगो तापाच्या नावाने ओळखला जाणारा तो रोग हिंदुस्थानात पहिल्यानेच ओळखला गेला. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका, दोघेही त्याच रोगाने गेले. ही मृत्यूंची यादी आम्ही आणखी लांबवीत नाही.

आणि हे सर्व दूरचे आहे अशी समजूत करून घेण्यासही फारशी जागा नाही. ज्या महाबळेश्वरास आपण शाळेच्या सहली नेतो, तेथील एका गुहेतून २०२० च्या मार्चमध्ये पुण्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी वटवाघळांचे नमुने घेतले, आणि त्यांत निपाहच्या खुणा सापडल्याचे पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात मनुष्यास तो झाल्याचे त्यातून निघत नाही, हेही लगेच सांगितले पाहिजे. नाहीतर उद्या आपल्यापैकी कोणी वटवाघळांच्या मागे काठ्या घेऊन धावतील. तसे करू नये. डिवचलेली वटवाघळे भलतीकडे पांगतात, एवढाच त्याचा परिणाम होतो. पडलेली, उष्टी फळे खाऊ नयेत, इतके पुरे.

तर मग रुग्णालयाने सज्ज असणे म्हणजे काय? आमचीही कल्पना पूर्वी अशीच होती की एक मोठी इमारत, काचेच्या खोल्या, परदेशी यंत्रे आणि अंतराळवीरासारखे पोशाख. अमेरिकेइतकी यंत्रे कोणाकडे नसतील. तेथे २०१४ च्या सप्टेंबरात डॅलस शहरातील एका मोठ्या रुग्णालयात एक मनुष्य ताप घेऊन आला. पश्चिम आफ्रिकेत त्या वेळी इबोलाचा कहर चालू होता, व आपण तिकडून आलो असे त्याने परिचारिकेस सांगितले होते. त्याची नोंदही झाली. परंतु ती नोंद पुढे ज्याने वाचून कृती करावयाची, त्याच्या मनापर्यंत पोहोचली नाही, आणि त्यास औषध देऊन घरी पाठविण्यात आले. दोन दिवसांनी तो रुग्णवाहिकेतून परत आला, ८ ऑक्टोबरला वारला, आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांस इबोला झाला. सुदैवाने दोघीही वाचल्या. आम्हांस हजेरीपटाची आठवण झाली. मुलगा आठ दिवस गैरहजर आहे हे हजेरीपटावर स्वच्छ अक्षरात लिहिलेले असते. पण महिनाअखेरीस बेरीज करीपर्यंत त्याकडे कोणी पाहत नाही, आणि मग कळते की पोर शाळा सोडून वीटभट्टीवर गेले.

त्याच देशात, त्याच वर्षी, अटलांटा शहरातील एमरी विद्यापीठाच्या रुग्णालयात इबोलाचे रुग्ण मुद्दाम आणून बरे करण्यात आले आणि एकाही कर्मचाऱ्यास लागण झाली नाही. तेथे अशा रोगांसाठी वेगळा कक्ष २००२ सालापासून होता. जवळजवळ बारा वर्षे त्याचा फारसा उपयोग झाला नव्हता. तरी तेथील मंडळी तालीम करीत राहिली: पोशाख चढविणे, उतरविणे, कचरा कोठून न्यावयाचा, कोणी कोणास कळवावयाचे. शाळेत कवायत घेताना मुले विचारीत, "गुरुजी, हे रोज रोज कशाला?" आम्हांस कधी नीट उत्तर देता आले नव्हते.

पोशाखाचीच गोष्ट घ्या. तो अंगावर असताना माणूस बराच सुरक्षित असतो. घात होतो तो उतरविताना. दहा तास घामाने न्हालेला, तहानलेला, दमलेला मनुष्य तो केव्हा एकदा फेकीन असे करतो, आणि बाहेरील बाजूस लागलेला हात नकळत डोळ्यास जातो. म्हणून नियम असा की ठरलेल्या क्रमाने एकेक वस्तू काढावी, मधून मधून हात धुवावेत, मुखपट्टी सर्वांच्या शेवटी काढावी, आणि समोर दुसऱ्या माणसाने उभे राहून एकेक पायरी मोठ्याने वाचून दाखवावी. ह्यास यंत्र लागत नाही. एक जास्तीचा माणूस लागतो. आणि तोच आपल्या रुग्णालयांत नसतो. एका सिस्टरवर संपूर्ण वॉर्ड सोपविलेला आपण पाहतो, मग तिच्यासमोर वाचून दाखवावयास उभे कोणी राहावयाचे?

हवेचा झोत बाहेर जाऊ न देणारी, तासास बारा वेळा हवा पालटणारी खोली मोठ्या शहरातील रुग्णालयांत असावी हे खरेच. मुंबईचे कस्तुरबा, पुण्याचे नायडू ही आपली जुनी सांसर्गिक रोगांची रुग्णालये. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले कोरोना रुग्ण ओळखले गेले ते पुण्यास, व त्यांस नायडू रुग्णालयातच ठेवले होते. पण नवा रोग आपला पत्ता विचारून थेट कस्तुरबात जात नाही. तो येतो तालुक्याच्या केसपेपरच्या खिडकीशी, दुपारी अकराच्या गर्दीत. सज्जतेची खरी परीक्षा त्या खिडकीशी होते. ताप आणि खोकला असलेल्यास तेथल्या तेथे मुखपट्टी द्यावी. तापाबरोबर भ्रम किंवा धाप असेल तर वेगळ्या बाकावर, उघड्या हवेत बसवावे. कोठून आलास, घरात आणखी कोणी आजारी आहे काय, कोणी वारले आहे काय, असे तीन प्रश्न विचारावेत. आणि उत्तर विपरीत आले तर एक खोली रिकामी करून डॉक्टरांस व जिल्ह्यास तत्काळ कळवावे. आमच्या मते एवढी व्यवस्था ज्या रुग्णालयात रोज, साथ नसतानाही, चालू आहे, ते सज्ज आहे.

केरळने ते पुढे करून दाखविले, आणि त्यातही कसे चुकता येते हेही दाखविले. २०१९ साली एर्नाकुळम जिल्ह्यात एका विद्यार्थ्यास निपाह झाला. डॉक्टरांनी वेळीच ओळखले, तो वाचला आणि दुसऱ्या कोणासही लागण झाली नाही. २०२१ साली एक बारा वर्षांचा मुलगा गेला. तेथेही साखळी त्याच्यापाशी थांबली. परंतु २०२३ च्या ऑगस्टअखेर कोझिकोडमध्ये पुन्हा एक रुग्ण ओळखला न जाता दगावला, पुन्हा रुग्णालयातच इतरांस लागण झाली, त्यांत एक कर्मचारीही होता. ह्या खेपेस निदान होताच गावे बंद झाली, पुण्याच्या संस्थेची फिरती प्रयोगशाळा तेथे जाऊन उभी राहिली, संपर्कातील माणसे एकवीस दिवस नजरेखाली ठेवली गेली. सहा जण आजारी पडले, दोन गेले. तेवीस आणि सहा ह्यांतील अंतर हे शिकण्याचे फळ होय. तथापि पहिला मनुष्य हातून निसटला तो निसटलाच. जे राज्य ह्या रोगाकडे डोळ्यांत तेल घालून पाहत होते, तेथे असे झाले. मग जेथे तो कधी आलाच नाही, तेथील तरुण डॉक्टरास तो पहिल्या दिवशी ओळखता येईल अशी अपेक्षा आपण करू नये. सबब रोग ओळखला नाही तरी माणसे वाचतील अशीच वहिवाट हवी.

आता आपल्याकडे वळतो. आपल्या ज्ञातीत 'समाचारास जाणे' हे मोठे कर्तव्य मानले जाते. कोणी रुग्णालयात आहे असे कळले की डबा, नारळपाणी आणि चार माणसे निघालीच. न गेल्यास पुढे लग्नकार्यात बोलणी खावी लागतात. आमचे स्वतःचे हर्नियाचे शस्त्रकर्म झाले तेव्हा तीन दिवसांत आमच्या खाटेभोवती एक्केचाळीस माणसे येऊन गेली. सौभाग्यवतींनी मोजली होती, कारण चहा त्यांना करावा लागला. त्यांतील कित्येकांनी शेजारच्या खाटेवरील खोकणाऱ्या गृहस्थांचीही आपुलकीने विचारपूस केली, पाठीवरून हात फिरविला. हा आपला चांगुलपणा आहे व त्याची आम्हांस लाज नाही. परंतु सिलिगुडीस ज्या भेटकऱ्यांना लागण झाली, तीही अशीच चांगली माणसे होती. रुग्णालयाच्या दारावरील पहारेकरी आपणांस अडवितो तेव्हा आपण त्यास ओळखी सांगतो, आमदारांचे नाव घेतो, प्रसंगी दहा रुपये हातावर ठेवतो. तसे करणारांत आम्हीही होतो.

रुग्णालयात जाऊच नये, हे दुसरे टोकही आपल्या पूर्वजांनी गाठलेले आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस ह्यांनी ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, ओळखला. पुढल्याच महिन्यात गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील साथीच्या इस्पितळावर चाल केली, कारण आत नेलेला मनुष्य जिवंत परतत नाही अशी वदंता होती. लोक रोगी लपवू लागले, माळ्यावर, गाठोड्यांमागे. तेव्हा मुंबईतील अनेक ज्ञातींनी पुढे होऊन आपापली प्लेगची इस्पितळे उघडली. आपला स्वयंपाकी, आपली माणसे, आपली भाषा आहे असे पाहून लोक तेथे येऊ लागले. ज्ञातिसंस्थांच्या इतिहासातील हे पान आजकाल कोणी उघडीत नाही. त्याच सुमारास पुण्याजवळ हडपसरच्या बाजूस सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉ. यशवंतराव प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होते, आणि तीत रोग्याची जात विचारली जात नव्हती. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई त्याच रोगाने गेल्या. दोन्ही गोष्टी आम्ही शेजारी शेजारी ठेवतो. आपण काय घ्यावयाचे ते घ्यावे.

मघाशी म्हटले होते की केरळच्या लोकांस नावे ठेवण्याच्या अधिकाराविषयी सांगू. २०२० च्या एप्रिलमध्ये आम्ही राहतो त्या इमारतीचे अध्यक्षपद आमच्याकडे होते. तिसऱ्या मजल्यावर एक तरुण परिचारिका भाड्याने राहत असे. तिची नेमणूक कोरोना वॉर्डात झाल्याचे कळताच बिऱ्हाडकरूंनी बैठक घेतली. तिने आठ दिवसांत जागा सोडावी, लिफ्ट व जिन्याच्या कठड्यास हात लावू नये, असे पत्र तयार झाले. त्याचे शुद्धलेखन आम्ही तपासले आणि खाली आमची सही आहे. सही करताना हात थरथरला वगैरे काही झाले नाही. आपण सर्वांच्या हिताचे करीत आहोत असेच वाटत होते. ती तिसऱ्याच दिवशी दोन पिशव्या व एक गॅसची शेगडी घेऊन गेली. कोठे गेली हे आम्ही विचारले नाही.

पुढल्या वर्षी, एप्रिलमध्येच, सौभाग्यवतींस कोरोना होऊन त्या अकरा दिवस रुग्णालयात होत्या. आम्हांस फाटकाबाहेर उभे राहण्याची परवानगी होती. रोज सायंकाळी एक परिचारिका स्वतःचा फोन त्यांच्या कानाशी धरी, तेव्हा आमचे बोलणे होई. घरी आल्यावर आम्ही विचारले, "तिचे नाव काय?" सौभाग्यवती म्हणाल्या, "तोंड कधी दिसलेच नाही. पाठीवर स्केचपेनाने नाव लिहिलेले असे, पण ती वळून जाई तोवर माझा चष्मा सापडत नसे." ज्या मुलीस आम्ही घालविले तिच्यासाठी त्यानंतर घरमालकांमार्फत एक पत्र पाठविले आहे. त्याचे उत्तर आलेले नाही, आणि येण्याचे कारणही नाही.

हे सांगण्याचे कारण खासगी नाही. आपल्या ज्ञातीत एक मुलगी आहे. तिचे नाव येथे घेणार नाही, तिचे वडील मंडपात आहेत. साडेतीन वर्षांचे परिचर्येचे शिक्षण घेऊन ती एका मोठ्या रुग्णालयात विलगीकरण कक्षात काम करते. गेल्या वधूवर मेळाव्यात तिच्यासाठी पाच ठिकाणी बोलणी झाली. पाचही घरांनी एकच प्रश्न विचारला, नोकरी सोडील काय? दोन घरांनी तर रोग घरात येईल असे तोंडावर सांगितले. आणि ज्ञातिबंधूंनो, ह्यात त्या घरांना तरी दोष किती द्यावा? आपल्या संस्थेच्या छापील नोंदणीपत्रकात, केवळ मुलींच्या पत्रकात, नववा रकाना असा आहे: 'विवाहोत्तर नोकरी सोडण्याची तयारी आहे काय?' तो रकाना ज्या समितीने घातला तिच्यात आम्ही होतो. शुद्धलेखन तेथेही आम्हीच तपासले होते.

रुग्णालये सज्ज नाहीत म्हणून आपण शासनास बोल लावतो, व तो योग्यच आहे. रिकाम्या जागा भरणे हे शासनाचेच काम. परंतु ज्या जागा भरावयाच्या त्यांवर बसणारी माणसे कोणाच्या तरी घरातून यावयाची असतात. व्हेंटिलेटर आपण दिला, आपली पाटी लागली, उद्घाटन झाले. रात्री दोन वाजता त्याचा भोंगा वाजला तर उठून कोण पाहणार?

म्हणून कार्यकारी मंडळाचा पूर्ण आदर राखून आम्ही उद्याच्या सभेसाठी एक ठराव चिटणिसांकडे लेखी दिला आहे. निधीतून यंत्र न घेता दरवर्षी दोन विद्यार्थ्यांस परिचर्येच्या शिक्षणाचे पूर्ण शुल्क द्यावे; एक आपल्या ज्ञातीतील, दुसरा कोणत्याही जातीचा, मात्र आपल्या तालुक्यातील. नोंदणीपत्रकातील नववा रकाना काढून टाकावा. आणि रुग्णाच्या समाचारास एका वेळी एकच मनुष्य जाईल, इतरांनी फोनवर विचारपूस केली तर ती केली असेच मानले जाईल, लग्नकार्यात त्यावरून कोणी कोणास बोलणार नाही, असा नियम संस्थेने छापून घरोघर द्यावा. तिसरा भाग मंजूर होणे सर्वांत कठीण आहे हे आम्ही जाणून आहोत.

सभा उद्या सकाळी दहा वाजता ह्याच मंडपात आहे. ठरावाचा क्रमांक सातवा. सूचक म्हणून आमचे नाव आहे. अनुमोदकाची जागा, हे बोलत असेपर्यंत तरी, रिकामी आहे.